वाटा कुणी किती उचलायचा?
युरोपच्या सामाईक अंदाजपत्रकाचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वैशाखात आमच्या विहिरीवरची मोटार जळाली. विहीर तिघांत सामाईक आहे. थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, मधले चुलते तात्या आणि माझे वडील अण्णा. मोटारीचे वायंडिंग, नवी केबल आणि पेटीतले जळालेले सामान मिळून खर्च नऊ हजार रुपये निघाला. आजोबांच्या वेळेपासून रीत अशी की, विहिरीचा खर्च तिघांत सारखा. म्हणजे प्रत्येकी तीन हजार. त्याच आठवड्यात माझी महाविद्यालयाची फी भरायची होती आणि ती भरण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे साधारण तेवढेच होते.

रात्री जेवणे झाल्यावर मी वहीत हिशेब मांडला. आजोबांनी वाटणी केली तेव्हा तिघांना दीड-दीड एकर जमीन आली होती, म्हणून खर्चही सारखा. पुढे आबांनी तीन एकर विकत घेतली, तात्यांनी दीड घेतली, आम्ही होतो तेवढेच राहिलो. आज विहिरीखाली नऊ एकर भिजते, त्यातली आबांची साडेचार, तात्यांची तीन, आमची दीड. जमिनीप्रमाणे खर्च वाटला तर आमच्याकडे तीन हजारांऐवजी दीड हजार येतात. पाण्याच्या पाळीप्रमाणे वाटला, तर नऊ दिवसांच्या फेरीत आबांचे चार दिवस, तात्यांचे तीन आणि आमचे दोन, म्हणून आमच्याकडे दोन हजार येतात. विहीर एक, मोटार एक, खर्च एक. पण आमच्या वाट्याची उत्तरे तीन, आणि तिन्हींच्या बाजूने काहीतरी बोलता येते!

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. परंतु जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाल्यावर अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा विषय काढला आणि सत्तावीस राष्ट्रांनी एका तिजोरीत कुणी किती घालायचे यावर साठ-सत्तर वर्षे वाद चालू आहे असे सांगितले, तेव्हा मला आमची वहीच आठवली. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो. तेथे जे वाचले, ते माझ्या कुवतीप्रमाणे विद्यार्थीमित्रांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

तिजोरी लहान, वाद मोठा

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक फार मोठे असेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते सभासद राष्ट्रांच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याएवढे असते. याच राष्ट्रांची स्वतःची सरकारे मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास खर्च करतात. म्हणजे शंभर रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाने सामाईक कामासाठी एक रुपया काढून ठेवावा, तसा हा प्रकार. शिवाय हे अंदाजपत्रक तुटीचे करता येत नाही. जेवढा खर्च ठरला, तेवढे उत्पन्न दाखवावेच लागते. त्यामुळे एकाने कमी दिले की उरलेल्यांना तेवढे जास्त द्यावे लागते. वादाचे खरे मूळ येथे आहे. रक्कम लहान असली तरी एकाची सवलत हे दुसऱ्याचे ओझे होते.

पहिली रीत : मालावर पट्टी

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १९५१ साली पॅरिस येथे करार करून कोळसा व पोलाद समुदाय स्थापन केला. या समुदायाने आपला खर्च चालवण्यासाठी राष्ट्रांकडे वर्गणी मागितलीच नाही. खाणीतून निघणारा कोळसा आणि कारखान्यात होणारे पोलाद यांच्या उत्पादनमूल्यावर त्याने थेट पट्टी बसवली आणि एरवी ती एक टक्क्याच्या वर जाऊ नये असे बंधन घातले. पैसे कारखानदाराकडून थेट समुदायाकडे जात. जर्मनीने किती दिले आणि इटलीने किती दिले, हा प्रश्न या रीतीत फारसा उपस्थित होत नाही. देतो तो माल, देश नव्हे. राष्ट्रांच्या वर असलेल्या संस्थेने स्वतःच्या अधिकारात कर वसूल करावा, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती. पन्नास वर्षांची मुदत संपून २००२ साली तो करार संपुष्टात आला, तोपर्यंत युरोपच्या इतर तिजोऱ्यांची रीत अनेकदा बदलली होती.

दुसरी रीत : ठरलेले हिस्से

१९५७ साली रोम येथे याच सहा राष्ट्रांनी युरोपीय आर्थिक समुदायाचा करार केला. तो १ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या कराराने मात्र आजोबांचीच रीत स्वीकारली. हिस्से करारातच लिहून टाकले. सर्वसाधारण खर्चासाठी जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनी प्रत्येकी २८ टक्के, बेल्जियम व नेदरलँड्स यांनी प्रत्येकी ७.९ टक्के आणि चिमुकल्या लक्झेंबर्गने ०.२ टक्के द्यायचे.

परंतु त्याच करारात एक दुसरी वाटणीही होती. बेकार झालेल्या कामगारांना नवे शिक्षण मिळावे, त्यांना दुसऱ्या गावी काम मिळवता यावे, यासाठी युरोपीय सामाजिक निधी स्थापन झाला. या निधीसाठी जर्मनी व फ्रान्स यांनी प्रत्येकी ३२ टक्के, इटलीने २० टक्के, बेल्जियमने ८.८, नेदरलँड्सने ७ आणि लक्झेंबर्गने ०.२ टक्के द्यायचे ठरले. इटलीचे २८ टक्क्यांवरून २० टक्के का झाले? इटलीच्या दक्षिण भागात त्या काळी दारिद्र्य आणि बेकारी फार होती. ज्याच्या घरी अडचण आहे, त्याच्याकडून त्या अडचणीच्या निवारणासाठी इतरांएवढेच घेऊ नये, हा विचार त्यामागे दिसतो. एकाच घरात दोन खर्चांना दोन निराळ्या वाटण्या असू शकतात, ही गोष्ट मला प्रथम येथे समजली.

मात्र याला एक पुरवणी होती आणि ती मी दोनदा वाचली. सामाजिक निधीच्या खर्चाला मंजुरी देताना मंत्रिमंडळात मतेही जवळजवळ याच प्रमाणात मोजायची होती. जर्मनी व फ्रान्स यांना ३२-३२ मते, इटलीला २०. म्हणजे इटलीला देणे कमी पडले, तसा तेथे तिचा आवाजही कमी झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या विहिरीशी तिचा संबंध आहे.

तिसरी रीत : समुदायाचे स्वतःचे उत्पन्न

ठरलेल्या हिश्श्यांत एक दोष असतो. परिस्थिती बदलते, हिस्से बदलत नाहीत. शिवाय दरवर्षी सहा सरकारांनी आपापल्या तिजोरीतून रक्कम काढून द्यायची म्हणजे समुदाय कायमचा त्यांच्या दाराशी उभा. म्हणून समुदायाचे स्वतःचे उत्पन्न असावे, असा विचार पुढे आला. वाल्टर हालश्टाइन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६५ साली तशी योजना मांडली. तिच्याबरोबर संसदेचे अधिकार वाढवण्याची सूचनाही होती. फ्रान्सला ती मान्य झाली नाही. बहुमताने निर्णय घेण्याचा वादही त्यात मिसळला आणि जुलै १९६५ पासून जानेवारी १९६६ पर्यंत फ्रान्सचे मंत्री बैठकींना आलेच नाहीत. हा प्रसंग ‘रिकाम्या खुर्चीचा पेच’ म्हणून प्रसिद्ध आहे. भावकीच्या बैठकीला एखादा चुलता मुद्दाम न येणे, याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

अखेर एप्रिल १९७० मध्ये निर्णय झाला. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालावरील जकात, शेतमालाच्या आयातीवरील पट्टी आणि मूल्यवर्धित कराच्या पायावर जास्तीत जास्त एक टक्का, ही तीन साधने समुदायाची स्वतःची ठरली.

जकातीमागील तर्क मला फार पटला. नाशिककडची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून बोटीने निघतात आणि त्यांतील पुष्कळशी नेदरलँड्समधील रोटरडॅम बंदरात उतरतात. तेथून काही पेट्या जर्मनीत जातात, काही आणखी पुढे. त्यांवर जी काही जकात बसत असेल ती गोळा करतो नेदरलँड्सचा अधिकारी, आणि द्राक्षे खाऊन तिचा भार सोसतो जर्मनीतला गिऱ्हाईक. मग ती जकात कुणाची? बाजारपेठ सर्वांची एक, तिची वेस एक, तेव्हा वेशीवरचे उत्पन्नही सर्वांचे, हेच उत्तर सरळ आहे. मात्र गोळा करणाऱ्याला मेहनताना हवा, म्हणून त्या राष्ट्राला जकातीतून काही भाग स्वतःकडे ठेवता येतो. प्रारंभी हा भाग १० टक्के होता, २००१ पासून २५, २०१४ पासून २० आणि २०२१ पासून पुन्हा २५ टक्के. गोळा करण्याचा खर्च इतका येत नाही, मोठी बंदरे असलेल्या राष्ट्रांना दिलेली ही आडवाटेची सवलतच आहे, अशी टीका यावर होते.

मूल्यवर्धित कराची गोष्ट याहून अवघड आहे. हा कर खपावर असतो. एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे उत्पन्न दहा हजार रुपये असून त्यातले नऊ हजार खर्च होतात. दुसऱ्याचे उत्पन्न एक लाख असून खर्च साठ हजार होतो. खर्चावर एक टक्का कर बसवला तर पहिला ९० रुपये देईल, दुसरा ६०० रुपये देईल. वरवर पाहता दुसऱ्यावर भार अधिक. पण उत्पन्नाशी ताडून पाहा. पहिल्याने उत्पन्नाचा ०.९ टक्का दिला, दुसऱ्याने ०.६ टक्का. ज्याची मिळकत तुटपुंजी, त्याची जवळजवळ सारी मिळकत खर्चातच जाते, म्हणून हा कर त्यालाच जास्त टोचतो. कुटुंबांचे जे, तेच राष्ट्रांचे. हा दोष कमी करण्यासाठी पुढे असे ठरले की, एखाद्या राष्ट्राचा या कराचा पाया कितीही मोठा असला तरी तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेपलीकडे मोजायचा नाही. ही मर्यादा आता ५० टक्के असून कराचा दर ०.३ टक्का आहे.

ब्रिटनची तक्रार

१९७३ साली ब्रिटन, डेन्मार्क व आयर्लंड समुदायात आले. ब्रिटनची अडचण अशी की, तो देश बाहेरून धान्य, लोणी, मांस पुष्कळ आणत असे, त्यामुळे त्याच्याकडून जकात व पट्टी अधिक जाई. उलट त्याची शेती लहान, आणि समुदायाचा निम्म्याहून कितीतरी अधिक पैसा त्या काळी शेतमालाच्या भावांना आधार देण्यावर खर्च होई. म्हणजे जाताना जास्त आणि येताना कमी. त्यातच दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने ब्रिटन तेव्हा सभासदांत वरच्या पायरीवर नव्हता. १९७९ साली पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी डब्लिनच्या बैठकीत हा प्रश्न धसास लावला आणि जून १९८४ मध्ये फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे तडजोड झाली. ब्रिटनचे देणे आणि मिळणे यांतील तफावतीच्या ६६ टक्के रक्कम त्याला सवलत म्हणून परत मिळू लागली.

ही रक्कम आली कुठून? अंदाजपत्रक तर समतोल हवे. म्हणून ती उरलेल्या राष्ट्रांनी भरायची. मग जर्मनी म्हणाला, मी आधीच सर्वांत अधिक देतो, मला यात पूर्ण वाटा नको. त्याला त्यात सूट मिळाली. पुढे नेदरलँड्स, ऑस्ट्रिया व स्वीडन यांनाही तशी सूट मिळाली आणि २००२ पासून ही चार राष्ट्रे या भरपाईतला आपला एक चतुर्थांश वाटाच देऊ लागली. सवलतीवर सवलत, तिच्यावर आणखी सवलत! एका न्याय्य तक्रारीचे निवारण करताना नियमच बदलण्याऐवजी अपवाद केला, तर तो अपवाद पुढे कशी पिले घालतो याचा हा धडा आहे.

चौथी रीत : ऐपतीप्रमाणे

ग्रीस १९८१ मध्ये आणि स्पेन व पोर्तुगाल १९८६ मध्ये समुदायात आले. खर्च वाढला, जकातीचे उत्पन्न पुरेना. त्या वेळी जाक दलोर हे आयोगाचे अध्यक्ष होते. १९८८ साली एक नवे साधन जोडण्यात आले. ते म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी. तिची पद्धत सोपी आहे. प्रथम वर्षाचा खर्च ठरवायचा. त्यातून जकात, मूल्यवर्धित कराचा भाग व इतर उत्पन्न वजा करायचे. जे उरेल ते सर्व राष्ट्रांत त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वाटायचे. समजा, खर्च १०० आहे आणि इतर साधनांतून ३० आले. उरलेले ७० वाटायचे. ज्या राष्ट्राचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या २५ टक्के आहे त्याच्याकडे १७.५ येतील, ज्याचे अर्धा टक्का आहे त्याच्याकडे ०.३५ येतील. ऐपत वाढली की वाटा आपोआप वाढतो, घटली की घटतो. हिस्से नव्याने ठरवण्यासाठी भांडायला नको.

खड्डा भरण्यापुरते आणलेले हे साधन हळूहळू मुख्य साधन झाले. अलीकडच्या काळात संघाच्या उत्पन्नाचा बराच मोठा भाग, सुमारे दोन तृतीयांशांच्या आसपास, यातूनच येतो. न्यायाच्या दृष्टीने ही रीत मला सर्वांत सरस वाटते. पण तिनेही एक जुने दुखणे परत आणले. पैसे पुन्हा सरकारांच्या तिजोरीतूनच जाऊ लागले, आणि प्रत्येक अर्थमंत्र्याच्या पुढ्यात एक आकडा लिहिलेला दिसू लागला, ‘आपण इतके दिले’. आकडा दिसला की माणूस लगेच दुसरा आकडा शोधतो, ‘आपल्याला किती मिळाले?’

दिले किती, मिळाले किती

या वजाबाकीला ‘निव्वळ देणे’ म्हणतात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन ही राष्ट्रे निव्वळ देणारी, पोलंडसारखी राष्ट्रे निव्वळ घेणारी, अशा याद्या वर्तमानपत्रांत छापून येतात. या वजाबाकीत काय चुकते? पोलंडमध्ये सामाईक पैशातून रस्ता झाला, तर तो खर्च पोलंडच्या खाती पडतो. पण त्या रस्त्याचे कंत्राट वा यंत्रे जर्मन कारखान्याकडून आली असतील आणि त्याच रस्त्याने पुढे जर्मनीचा माल जात असेल, तर तो लाभ कुठल्याच खात्यात दिसत नाही. एका बाजारपेठेत विनाजकात माल विकता येणे, हा तर सर्वांत मोठा लाभ, आणि तो या खतावणीत मुळीच नाही. इटलीचे माजी पंतप्रधान मारियो मोन्ती यांच्या अध्यक्षतेखालील गटाने संघाच्या उत्पन्न-साधनांचा फेरविचार करून २०१६ च्या अखेरीस अहवाल पूर्ण केला. त्यातही या वजाबाकीवर टीका आहे.

आपल्याकडेही हा युक्तिवाद ऐकू येतो. मुंबईतून केंद्राला इतका कर जातो, महाराष्ट्राला परत किती मिळतो, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्य कचेरी मुंबईत असल्याने देशभर मिळवलेल्या नफ्यावरील कर मुंबईत भरला जातो. रोटरडॅमच्या जकातीसारखेच हे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतील ४१ टक्के भाग राज्यांना दिला आणि तो राज्याराज्यांत वाटताना ४५ टक्के भर दरडोई उत्पन्नातील मागासलेपणावर ठेवला. भेद एवढाच की, आपल्याकडे केंद्र स्वतः कर बसवते आणि राज्यांना वाटते, तर युरोपात राष्ट्रे गोळा करतात आणि संघाला देतात. प्रश्न मात्र दोहोंकडे एकच.

तरीही ही वजाबाकी अगदीच टाकाऊ आहे असे मला म्हणवत नाही. १९८४ पूर्वीची ब्रिटनची तक्रार याच वजाबाकीमुळे उघड झाली, आणि ती खोटी नव्हती. वजाबाकीने तक्रार कळते. न्याय करायला मात्र ती अपुरी पडते.

ताजा फेरविचार

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला आणि त्याची सवलतही इतिहासजमा झाली. सवलतींचे सारे झाड तोडण्याची ही संधी होती. पण तसे झाले नाही. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया व डेन्मार्क यांना त्यांच्या वार्षिक वर्गणीत ठोक सूट देण्यात आली. २०२० च्या किमतींनुसार जर्मनीची सूट वर्षाला ३६७ कोटी १० लाख युरो, तर डेन्मार्कची ३७ कोटी ७० लाख युरो. पाचही राष्ट्रे सधन आहेत, हे सांगावयास नको.

दुसरीकडे दोन नव्या गोष्टी घडल्या. करोनाच्या संकटात संघाने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर, २०१८ च्या किमतींनुसार ७५० अब्ज युरोपर्यंत, सर्वांच्या नावाने कर्ज उभारण्याचे ठरवले. त्याची फेड २०५८ पर्यंत चालायची आहे. तसेच १ जानेवारी २०२१ पासून प्लॅस्टिकच्या वेष्टनांपैकी ज्यांचा पुनर्वापर झाला नाही, त्यांवर किलोमागे ०.८० युरो या दराने प्रत्येक राष्ट्राकडून वर्गणी घेतली जाऊ लागली. कमी उत्पन्नाच्या राष्ट्रांना यात काही सूट आहे. या साधनात एक गंमत आहे. ते यशस्वी झाले तर कचरा कमी होईल आणि उत्पन्नही कमी होईल. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ नंतरच्या काळासाठी आणखी काही नवी साधने सुचवली. त्यांत विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा गोळा न झालेला कचरा, तंबाखू आणि मोठ्या कंपन्यांची वर्गणी यांचा समावेश आहे.

अशी कोणतीही सूचना अमलात यायची, तर सत्तावीसही राष्ट्रांची संमती लागते आणि प्रत्येकाने आपल्या घटनेप्रमाणे तिला मान्यता द्यावी लागते. लक्झेंबर्ग वा माल्टा यांचा नकार जर्मनीच्या नकाराएवढाच जड असतो. त्यामुळे बदल फार सावकाश होतो, अशी टीका केली जाते आणि ती खरी आहे. परंतु मला यात एक मोठी गोष्ट दिसते. १९५७ च्या सामाजिक निधीत ज्याचा पैसा कमी त्याचे मत कमी होते. येथे देण्याचा आकडा निराळा आणि बोलण्याचा अधिकार निराळा ठेवला आहे.

पुन्हा विहिरीकडे

आता विहिरीचे राहिलेले सांगतो. मी हिशेब अण्णांना दाखवला. त्यांना लिहिता-वाचता बेताचेच येते, पण हिशेब पक्का आहे. त्यांनी वही नीट पाहिली, माझी बेरीज बरोबर असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आबांच्या हातात पूर्ण तीन हजार नेऊन दिले. माझी फी दोन हप्त्यांत भरली आणि पहिल्या हप्त्यासाठी आईने साठवलेले पैसे काढले. मला त्या वेळी फार राग आला होता. मी अण्णांना विचारले, “हिशेब बरोबर होता, मग जास्त का दिले?” ते म्हणाले, “कमी दिलं की कमी बोलायचं. उद्या पाण्याला ओढ लागली, तर म्हणतील, तुझा वाटा कमी.”

तेव्हा मला हे भित्रेपणाचे वाटले. इटलीच्या वीस मतांची गोष्ट वाचली तेव्हा कळले की, अण्णांना जी भीती वाटली ती करारात लिहिलेली होती. गरीब माणूस ऐपतीपेक्षा जास्त देतो, तो पुष्कळदा आपली जागा टिकवण्यासाठी देतो. म्हणून वाटा ऐपतीप्रमाणे ठरवायचा असेल, तर त्याआधी हक्क पैशावर अवलंबून नाही याची हमी द्यावी लागते. ही हमी नसेल तर सवलत घ्यायलाही माणूस धजत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी धीर करून हे सारे आबा, तात्या आणि अण्णा ओट्यावर बसले असताना मांडले. युरोपचे नाव काढल्यावर तात्या हसले. आबांनी मात्र ऐकून घेतले आणि म्हणाले, “मोटार जळाली ती तुमच्याच पाळीत, हेही वहीत लिही.” मी ते लिहिले, कारण ते खरे होते. बोलता बोलता एवढे ठरले की, यापुढे मोटारीचा खर्च पाळीच्या दिवसांप्रमाणे वाटायचा, विहिरीच्या बांधकामाचा खर्च पूर्वीप्रमाणे सारखा, आणि विहिरीतला तिघांचा हक्क सारखाच राहील हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करायच्या. जमिनीप्रमाणे वाटणी आबांना मान्य झाली नाही. कागद मी लिहिला आहे. सह्या अद्याप व्हायच्या आहेत.

युरोपातल्या राष्ट्रांनाही साठ-सत्तर वर्षांत हा प्रश्न कायमचा सोडवता आलेला नाही. प्रत्येक पिढीत ऐपत बदलते, गरज बदलते आणि वाटणी पुन्हा मांडावी लागते. ती मांडण्यासाठी सर्वजण एका ओट्यावर बसतात, तोवर घर टिकून आहे असे समजावे. या विषयाचा माझा अभ्यास अल्प आहे. लेखात काही उणीव राहिली असल्यास प्राध्यापकांनी ती दाखवून द्यावी आणि विद्यार्थीमित्रांनी आपापल्या घरच्या सामाईक खर्चाचा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.